पाचवी सवाष्ण

माझ्या मुलीचं नौबादचं दुकान का बंद पडलं, असं कुणी विचारलं की मी बोअरच्या पाण्याचा विषय काढायचो. यंदा पाणी किती खाली गेलं, कुणाची मोटार जळाली. विचारणाऱ्यालाही वाटायचं, म्हाताऱ्याला दुःख होतंय, जाऊ दे. अशी बरीच वर्षं मी काढली. बायको वारली तेव्हा तिलाही खरं माहीत नव्हतं. शेवटच्या आजारात एकदा तिच्या उशाशी बसून सांगावं असं मनात आलं होतं. मी उठून तिच्यासाठी पेज करायला गेलो.

आमच्या घरात आणि पाहुण्यारावळ्यांत सगळे असं धरून चालतात की मुलीच्या भागीदारणीनं दगा दिला. तसं झालेलं नाही. काय झालं ते आता लिहून ठेवतो.

आमचं गाव संतपूरच्या पलीकडं. माझ्या आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांनी ती विकून थोडं रान घेतलं. मी शिकलो आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. नोकरीमुळं आम्ही औरादला क्वार्टरात राहायला आलो. तिथल्या शेजाऱ्यांचं बघून आम्ही काही गोष्टी सोडल्या, काही उचलल्या. आमच्या मूळच्या लोकांत विधवेचा पाट लावायची रीत होती. तिनं पुन्हा संसार मांडला तर कुणी तोंड फिरवत नसे. क्वार्टरात आल्यावर आम्ही पाटाचं नाव काढणं सोडलं. विधवेनं ओटीला हात लावू नये, मंगलकार्यात पुढं येऊ नये, हे मात्र शेजाऱ्यांपेक्षाही कडक पाळायला लागलो. चांगल्या घरात असंच असतं, अशी माझी समजूत होती.

मुलगी उदगीरला दिली होती. जावई मोबाइल दुरुस्तीचं काम करायचा. हसरा होता. त्यानंच तिला हौसेनं पार्लरचा कोर्स करायला लावला, आरसा लावलेलं टेबल आणून दिलं. मोटारसायकलवर येताना त्याला ट्रकनं उडवलं. त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी मुलीला आणायला गेलो, तेव्हा नात तिच्या कडेवर होती. दारात सासू आडवी आली.

"पोरगी आमच्या रक्ताची हाय," ती म्हणाली. "तू तिला काय खाऊ घालणार? जमत असंल तर ने. न्हाई जमलं तर हितं आणून सोड, आन तू कुटं बी जा."

मुलीनं लेकीला घट्ट धरलं आणि ती जीपमध्ये जाऊन बसली. त्या दिवसापासून तिचं सगळं गणित एकच होतं. स्वतःच्या पायावर उभी राहिली तर लेक जवळ राहील, नाही तर उदगीरला जाईल. माझ्या पेन्शनवर दोघी जगल्या असत्या, असं मी म्हणायचो. "अप्पा, तुमची पेन्शन तुमच्यासंगं जाईल," ती म्हणायची.

सुरुवातीला ती आमच्या पुढच्या खोलीत भुवया करायची. दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती मुलींच्या कपाळावर वाकायची आणि मी पेपर घेऊन बाहेर ओट्यावर बसायचो. दुपारी ती आणि तिची आई मोबाइलमध्ये डोकं घालून बसत.

"अप्पा, ह्या कामात लई वाटा हाईत," तिनं एकदा मला सांगितलं. "स्किनच्या डॉक्टरकडं मशीनवर बसता येतंय. कलबुर्गीत मोठ्या सलूनात लागता येतंय. कंपनीच्या क्रिमा विकता येत्यात. शिकवायचं बी हाय. पर मला नवरीचं काम करायचंय."

"लोकाचे पाय घासणार, बगला साफ करणार," मी म्हणालो. "आपल्यात कुणी केलंय का असलं?"

"तुम्ही जलमभर म्हशीच्या मागं खांद्यापतूर हात घालत होताव. मी माणसाच्या पायाला हात लावला की इज्जत जायली व्हय?"

बायको पदराआड हसली. मी म्हणालो, "ती सरकारी नोकरी होती."

"मंग मी बी सरकारला इचारते, बायकांच्या भुवयांचं खातं काढताव का मनून."

मलाही हसू आलं होतं. पण मी हसलो नाही. उठून बाहेर गेलो.

बीदरला लागून असलेल्या नौबादला तिनं पार्लरसाठी दुकान घेतलं ते एका मैत्रिणीबरोबर. ही मैत्रीण तिथल्याच एका बौद्ध घरातली, बी.ए. झालेली, माझ्या मुलीपेक्षा लहान. केस बांधणं आणि साडी नेसवणं तिच्याकडं, चेहरा माझ्या मुलीकडं. ती मुलीला अक्का म्हणायची आणि मला अप्पा. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. तिच्या आईनं मला दोनदा-तीनदा घरी जेवायला बोलावलं. दर वेळी मला काहीतरी काम निघालं. तेही इथं लिहिलं पाहिजे.

लग्नघरात जायचं म्हणजे एक अडचण होती. ती त्या मैत्रिणीनंच सोडवली. माझ्यासमोरच बोलली, दुकानात.

"अक्का, तू टिकली लाव, हिरव्या बांगड्या घाल. कुणी इचारलं तर मालक हैदराबादला हाईत मनायचं. लोकं लई खोलात जात न्हाईत. त्यास्नी नवरीचं तोंड उजळलेलं पाहिजे, बस्स."

माझी मुलगी माझ्याकडं बघत होती. मी भिंतीवरचा आरसा बघत राहिलो. ती त्या दिवसापासून टिकली लावायला लागली. औरादला घरी येण्याआधी पुसून यायची. पण टिकलीच्या जागी कपाळावर चिकटपणाचा गोल राहायचा, त्याला धूळ बसायची. तो मला दिसायचा. मी कधी काही म्हणालो नाही, आणि तिनं त्याचा अर्थ असा घेतला की अप्पांची ना नाही.

तिचं नाव झालं ते हळदीमुळं. आमच्या लोकांत नवरीला हळद नुसती लावत नाहीत, माखतात. तोंड, मान, हात पिवळेधमक होतात. त्यावर नेहमीचा मेकप चढवला की चेहरा हिरवट, आजारी दिसतो. आणि हळद निघावी म्हणून कुणी साबण लावला तर ती लाल पडते. हे सगळं मुलगी जेवताना आईला सांगायची, मी ऐकायचो. ती आधी दही-बेसनानं तोंड पुसून घ्यायची, मग फिकट जांभळ्या रंगाचं कसलंसं मलम अगदी पातळ लावायची. जांभळ्यानं पिवळा मरतो, म्हणायची. मग त्यावर बाकीचं. साबणाला घरच्या बायकांना हात लावू द्यायची नाही. बीदरमध्ये बाकी कुणाला हे नीट जमत नव्हतं. म्हणून आमच्याच समाजातली बोलावणी वाढत गेली. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण. तिनं लेकीला नौबादच्या शाळेत घातलं, सकाळी दोघी औरादहून बसनं जायच्या. उदगीरहून फोन आला की ती आता मोकळ्या आवाजात बोलायची.

राजेश्वरजवळच्या एका गावात लग्न होतं. बायकोला ताप होता, नातीला कुणापाशी ठेवायचं म्हणून मुलीनं मला आणि नातीला जीपमध्ये बरोबर घेतलं. आत खोलीत नवरीला सजवणं चाललं होतं आणि मी मांडवात खुर्चीवर बसलो होतो, नात मांडीवर झोपलेली. नवरीचे आजोबा माझ्याशेजारी येऊन बसले. डोक्याला फेटा, खांद्यावर काळी घोंगडी.

"पाव्हणं, कोणच्या गावचं?"

मी गाव सांगितलं, कूळ सांगितलं.

"मंग आपलेच की! मेंढरं हाईत का अजून?"

"न्हाईत. आज्याच्या मागं वडलांनी इकली."

"आमची बी गेली. ही घोंगडी तेवढी राहिली, ती बी आमच्या पोरांना टोचायली." ते खोकत हसले. कमरेची पिशवी काढून त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला, झोपलेल्या नातीच्याही लावला. "तुमच्या लेकीचा हात लई चांगला बगा. मी नातीला वळखलंच न्हाई. मनलं, ही कोण पिच्चरमधली बाई आणून बसवलाव!"

मला बरं वाटलं. खोटं सांगत नाही, अभिमान वाटला.

मग ते म्हणाले, "एक काम करा. ओटी भराय पाच सवाष्णी पाहिजेत. चौघी झाल्यात. पाचवी आमची थोरली सून, ती लेकीच्या बाळंतपणात अडकली. तुमची लेक आपल्यातलीच हाय. तिला बसू द्या."

हे टाळणं अवघड नव्हतं. 'तिला आज चालत न्हाई,' एवढं म्हटलं असतं तर कुणी पुढं एक शब्द विचारला नसता. त्या बाबतीत कुणी पुरुष दुसऱ्या पुरुषाला विचारत नाही. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

मी म्हणालो, "आण्णा, तिला बसवू नका. माझा जावई वारला."

त्यांचा पिशवीतला हात तसाच राहिला. "कदी?"

"झाली की काही वर्षं."

"मंग हातात हिरव्या बांगड्या?"

मी खाली बघितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला आज बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलाव," म्हणाले. घोंगडी सावरत उठले आणि आत गेले.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कपाळावर भंडारा होता, दुसऱ्याच्या नातीच्या सौभाग्याचा प्रश्न होता, अशा वेळी खोटं कसं बोलणार. त्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की म्हातारा उठून आत गेला तेव्हा मला हलकं वाटलं. वाटलं, आता हे टिकल्या-बांगड्यांचं नाटक संपेल, दुकान बंद होईल, मुलगी घरी येऊन बसेल आणि लोकांनी विचारल्यावर मला मान खाली घालावी लागणार नाही. मला तिचं वाईट करायचं नव्हतं. मला ती घरात पाहिजे होती.

आतून आधी एका बाईचा चढा आवाज आला, मग खूप बायकांचा. नवरीला दंडाला धरून मागच्या अंगणात आणलं. मांडवाचा पडदा बाजूला झाला होता, मला सगळं दिसत होतं. तिला हौदापाशी बसवून तिच्या तोंडावर तांब्यानं पाणी ओतायला लागल्या. काजळ गळ्यापर्यंत ओघळलं. एकीनं कपड्याच्या साबणाची वडी आणली.

माझी मुलगी दारातून ओरडली, "साबण लावू नका मावशी! हळद लाल पडती! नुस्त्या पाण्यानं धुवा!"

"तू गप! तू बोलायचं न्हाई!"

साबण घासला. नवरीच्या गालावर, हनुवटीवर, मानेवर तांबडे-काळपट पट्टे उठले. एक म्हातारी किंचाळली, "बगा! बगा! रगत उतरलं की गं तोंडाला!" नवरी रडायला लागली. दोन-चार पोरींनी मोबाइल वर धरले.

तो साबणाचा गुण होता. मला माहीत होतं. जन्मभर औषधं कालवलेला माणूस मी; तिथं उभं राहून मी सांगितलं असतं तर दोन-चार म्हाताऱ्यांनी तरी ऐकलं असतं. नातीला खांद्यावर टाकून मी जीपकडं चालायला लागलो.

मुलगी पेटी घेऊन बाहेर आली. तिच्या मागं तिची मैत्रीण, ओठांत अजून केसाच्या पिना धरलेल्या. मागून नवरीची आत्या ओरडत होती, "तुमच्यातल्याच कुणी सांगितलं मनून कळलं! न्हाई तर आमच्या पोरीचं वाटोळं करून गेली असती!"

जीप बरंच अंतर गेल्यावर मुलगी बोलली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. बाप असं करेल हे तिच्या मनातच येणं शक्य नव्हतं. ती मैत्रिणीकडं बघत होती. त्याच आठवड्यात दोघींचं थोडं बिनसलं होतं. मैत्रिणीला चेहऱ्याचं कामही शिकायचं होतं, स्वतःही काही लग्नं घ्यायची होती.

"तुला माझ्या नवऱ्या पाहिजे होत्या ना? घे आता," मुलगी म्हणाली.

"अक्का, मी कामून सांगू? मी शपथ घेते—"

"तू कशाची शपथ घेणार? तुमच्यात देव तरी हाय का?"

मैत्रिणीनं हातातल्या पिना डबीत ठेवल्या. मग एकदा माझ्याकडं बघितलं, माझ्या कपाळाकडं. मी बाहेर तुरीच्या रानाकडं बघायला लागलो.

लाल तोंडाचा तो फोटो घरोघरी मोबाइलमध्ये गेला. आधी ठरलेल्या लग्नांचे निरोप यायला लागले की आम्ही दुसरीकडं बघितलंय. मैत्रीण दुकानातून निघून गेली. एकटीला भाडं झेपेना. शेवटी आरशाचं टेबल टेम्पोतून आमच्या घरी आलं. माझी इच्छा पूर्ण झाली होती. मुलगी घरात बसली होती, भिंतीकडं तोंड करून.

मग तिनं एकेक वाट धरून बघितली. क्रिमा विकायला दारोदार गेली. औरादच्या बायका बाटली उघडून वास घ्यायच्या, हाताला लावून बघायच्या, आणि परत द्यायच्या. बीदरला एका स्किनच्या डॉक्टरकडं केस काढायच्या मशीनवर लागली. कामात हुशार होती, पण एका बाईनं तिला फोटोवरून ओळखलं आणि हिचा हात नको म्हणाली. डॉक्टर शिकलेला होता. तोही म्हणाला, पेशंटला नको असेल तर मी काय करू. मग शिकवायचं काम मिळेल का म्हणून आम्ही दोघं एका ट्रेनिंग सेंटरवर गेलो. बारावी पास पाहिजे म्हणाले. ती दहावीनंतर शिकली नव्हती, कारण मी तिचं लग्न केलं होतं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. मला म्हणाली, "अप्पा, मला येतंय की सगळं. मंग कामून असं हुयालंय?"

मी म्हणालो, "उन्हात बसू नको."

उदगीरची माणसं नातीला न्यायला येणार हे कळलं त्या सकाळी तिनं लेकीला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. नात कुरकुरत होती, "माय, दुखायलंय." सासरा दारात बसून चहा प्याला. सासू म्हणाली, "आमी काय तिला मारणार हाव व्हय? तुज्यापेक्षा चांगलंच खाऊ घालू." नात आधी खुशीत निघाली, गावाला जायचं म्हणून. गाडी वळल्यावर रडायला लागली असं नंतर कळलं. मुलगी ओट्यावर उभी होती. तिच्या हातात कंगवा होता. आजवर मी जनावरं मरताना पाहिलीत, माणसं पाहिलीत. त्या दिवशी ती जशी उभी होती तसं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

त्यानंतर ती कलबुर्गीला गेली. तिथं कुणी ओळखणारं नव्हतं. एका मोठ्या सलूनात लागली, दिवसभर उभं राहून केस धुवायचे. नवरीचं काम त्यांनी देऊ केलं होतं. तिनंच नको म्हटलं.

बायको वारल्यावर मी एकदा बीदरला औषधं आणायला गेलो असताना नौबादला उतरलो. तिची मैत्रीण आता घरातच छोटं पार्लर चालवते. मला बघून तिनं खुर्ची पुसून दिली, चहा दिला. त्या घरात मी पहिल्यांदाच बसलो. मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होतो, तोवर तिनंच सुरुवात केली.

"अप्पा, मला म्हाईत हाय. खिडकीतनं दिसत होतं. तो आजा तुमच्याकडनं उठला आन सरळ आत आला."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, "मंग तू तिला सांगितलं कामून न्हाईस?"

"मी सांगितलं असतं तर तिनं मलाच खोटं पाडलं असतं. तुम्ही तिचे अप्पा. मी कोण?" ती एका गिऱ्हाइकाच्या केसांना मेंदी लावत होती, हात थांबला नाही. "जीपमधीच तिनं इचारलं की, तू कशाची शपथ घेणार मनून. मंग काय राहिलं बोलायचं?"

"माझं चुकलं, माय."

"मला कामून सांगायलाव? तिला सांगा. माजं जे जायाचं ते गेलं. ती अजून त्या घटकेतच हाय. जेवली का उपाशी, कुणाला ठाव."

मी तिला शब्द दिला की सांगतो. आणि पुढच्याच आठवड्यात कलबुर्गीची बस धरली. हुमनाबादच्या पुढं सगळा वेळ मी वाक्यं जुळवत होतो. मोठी वाक्यं सुचत होती, ती काढून टाकत होतो. शेवटी फार थोडं उरलं.

सलूनात मी दारातच थांबलो. आत गार हवा, काळ्या कपड्यातल्या मुली. मुलगी ओल्या हातानं बाहेर आली. वाळली होती. बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती.

"अप्पा? कामून आलाव? बरं हाय ना समदं?"

आणि मी म्हणालो, "डोळ्याला अंधारी येतीया. मनलं हितं दाखवावं."

तिनं मालकिणीला कन्नडमध्ये गयावया करून सुट्टी काढली. मला रिक्षात घालून डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. वाटेत तिनं नातीचं सांगितलं, उदगीरला आता वरच्या वर्गात गेली, फोनवर फार बोलत नाही, 'हूं' आणि 'व्हय' एवढंच. डॉक्टरनं डोळ्यांत औषध घातलं आणि बाहेर बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं. ती शेजारी बसली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"मला बी तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली. "थांबा, मी आधी सांगते, न्हाई तर ऱ्हाईल. मी तिला फोन केलता. नौबादला."

"कदी?"

"झाले की दोन-तीन दिवस. लई वर्सं झाली अप्पा, राग धरून. मलाच तरास व्हायचा त्येचा. झोप न्हाई, काय न्हाई. मनलं, तिनं जे केलं ते केलं. लहान होती, हाव सुटली आसंल. मी तिला मनलं, जा, मी तुला माफ केलं."

"मंग ती काय मनली?"

"काय न्हाई. लई येळ गप्पच होती. मंग मनली, बरं अक्का." मुलीनं मोठा श्वास सोडला. तिचा आवाज इतका हलका मी त्या लग्नानंतर ऐकला नव्हता. "लई मोकळं वाटायलंय बगा. ह्या डोक्यावरचं एक तरी वझं उतरलं. आता तुम्ही सांगा, काय सांगत होताव?"

माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं औषधानं येतंय. कापसानं तिनं ते टिपून घेतलं आणि डोळे चोळू नका म्हणाली.

माझ्याजवळ होतं ते एवढंच होतं: माय, ती नव्हती, मी होतो. तिला तू उगाच दोषी धरलंस आणि तुझी लेक तुझ्यापासून माझ्यामुळं गेली. मला माफ कर.

मी म्हणालो, "बरं केलंस."